गळती कोणाची, भुर्दंड कोणाला?

पाण्याच्या बिलाची तक्रार हा विषय आपल्याकडील राजकीय चर्चेत क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे. धरणांवर परिषदा भरतात, नद्यांच्या पाणीवाटपावर लवाद बसतात, उसाला किती पाणी जाते यावर विधिमंडळात खडाजंगी होते. परंतु महापालिकेच्या पाणीपट्टी विभागाच्या खिडकीपुढे फुगलेले बिल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न मात्र वॉर्डातील किरकोळ कामांत जमा होतो. वस्तुतः राज्यसंस्था आणि सामान्य नागरिक यांच्यातील आर्थिक संबंध या खिडकीपुढे जितका उघडा पडतो, तितका अर्थसंकल्पाच्या भाषणातही पडत नाही. तेथे कोण कोणाला जबाबदार आहे, चुकीची किंमत कोणी मोजायची आणि कोणाची चूक खपवून घ्यायची, हे सारे एका कागदाच्या तुकड्यावर रुपये-पैशांत लिहिलेले असते.

प्रश्न साधा आहे. घरातील नळी गंजून फुटली. ती जमिनीखाली किंवा भिंतीत असल्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. बिल आले तेव्हा ते नेहमीच्या चौपट-पाचपट. घरच्यांनी प्लंबर बोलावला, फरशी फोडली, गळती काढली आणि त्याचे पैसे मोजले. आता जे पाणी कोणी प्यायले नाही, ज्याने कोणी आंघोळ केली नाही, जे मातीत मुरून गेले, त्याची पूर्ण किंमत, तीही चढत्या दराने, या कुटुंबाकडून वसूल करावी काय? की दुरुस्ती केल्याचे दाखवून देणाऱ्या नागरिकाला त्या बिलात वजावट मागण्याचा हक्क आहे? येथे ‘हक्क’ हा शब्द जाणून वापरला आहे. कारण ओळखीचा नगरसेवक असला, अभियंत्याची गाठ पडली, तर बिलात काहीतरी ‘करून’ मिळते, हा अनुभव कोणत्याच शहराला नवा नाही. मेहेरबानीने मिळणारी सवलत ही सवलत नव्हे. ती ओळखीवर आकारलेली वेगळीच पट्टी आहे.

या प्रश्नातले अंकगणित आधी पाहावे. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारमान्य प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर असे आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या हिशेबाने महिन्याला सुमारे २० हजार लिटर, म्हणजे २० युनिट पाणी लागते. आता मिनिटाला एक लिटर एवढीच गळती धरली — पेन्सिलीहूनही बारीक धार — तर दिवसाला १,४४० लिटर आणि महिन्याला ४३ हजार लिटर पाणी वाया जाते. म्हणजे कुटुंबाच्या साऱ्या वापराच्या दुपटीहून अधिक. समजा, पहिल्या २० युनिटांना दहा रुपये, पुढील २० युनिटांना पंधरा रुपये आणि त्यापुढे वीस रुपये असा दर आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. रचना मात्र अनेक ठिकाणी अशीच असते. नेहमीचे बिल होते २०० रुपये. गळतीच्या महिन्यात ६३ युनिटांचे बिल होते ९६० रुपये. मीटरवरचे पाणी तिपटीने वाढले, बिल मात्र जवळजवळ पाचपटीने. वाढलेल्या ७६० रुपयांपैकी पाण्याची मूळ दराने होणारी किंमत ४३० रुपये. उरलेले ३३० रुपये हा निव्वळ दंड आहे. तो ‘दंड’ या नावाने आकारला जात नाही इतकेच.

चढत्या दराच्या टप्प्यांमागील तत्त्व चुकीचे नाही. बंगल्याभोवतीची हिरवळ भिजविणाऱ्याने आणि मोटारी धुणाऱ्याने अधिक दर द्यावा, गरजेपुरते पाणी वापरणाऱ्याला ते स्वस्त मिळावे, ही भूमिका समाजवाद्यांनी उचलून धरावी अशीच आहे. परंतु या दंडाचा हेतू माणसाचे वर्तन बदलणे हा असतो. जो वापर हेतुपुरस्सर आहे, ज्याला आवर घालता येतो, त्यालाच दर वाढवून आवर घालता येईल. जमिनीखालच्या फुटक्या सांध्याला बाजारभाव कळत नाहीत. दर वीस रुपये झाला म्हणून ती धार बारीक होत नाही. गळती म्हणजे उपभोग नव्हे, आणि जो उपभोग नाही त्याच्यावर उपभोगाच्या चैनीचा दंड बसविणे हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठालाही धरून नाही. अलीकडे पाण्याला ‘आर्थिक वस्तू’ म्हणण्याची फॅशन रुळली आहे. १९९२ मध्ये डब्लिन येथील परिषदेने ते तत्त्व मांडले आणि आपल्या २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीनेही, मूलभूत गरजांपुरते पाणी वगळून, ते स्वीकारले. ठीक आहे. पण बाजारातदेखील गिऱ्हाइकाच्या पिशवीतून सांडलेल्या तांदळाचे पैसे दुकानदार दुप्पट भावाने लावीत नाही.

या दंडाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे तर अधिक गंभीर. ताराबाई पार्कातल्या नव्या इमारतीत प्लॅस्टिकच्या नळ्या असतात, देखभालीला माणूस असतो, आणि बिल अनेक सदनिकांत वाटले जाते. उलट शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या वस्तीतील वाड्यांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी घातलेल्या लोखंडी नळ्या जमिनीखाली गंजत पडलेल्या असतात. एका नळजोडावर चार-चार भाडेकरूंची कुटुंबे राहतात. अशा जोडावर गळती नसतानाही चार कुटुंबांचा साधा वापर एकाच मीटरवर मोजला जातो आणि वरच्या टप्प्यात जाऊन बसतो; म्हणजे गरिबांना श्रीमंतांचा दर लागतो. त्यात नळी फुटली की मग विचारायलाच नको. बिल मालकाच्या नावावर, पाणी भाडेकरूंचे, गळती कोणाच्या खोलीखाली यावर वाद, आणि थकबाकी वाढत जाऊन नळ तोडण्याची नोटीस आली की ती सर्वांच्या डोक्यावर. मोठ्या घराला ही रक्कम म्हणजे एक त्रासदायक खर्च असेल. रोजंदारीवरच्या कुटुंबाला तो महिन्याचा किराणा आहे.

येथे कोणी म्हणेल की कायदा कायदा आहे. मीटरने दाखविले तेवढे भरावे. पालिका कायद्यांच्या रचनेत मीटरवरील नोंद हाच वापराचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, हे खरे. पण मीटर नादुरुस्त झाला तर काय होते? मागील वापराची सरासरी काढून बिल दिले जाते. हा परिपाठ पाणीपट्टी खात्यातल्या कनिष्ठ कारकुनालाही पाठ असतो. म्हणजे नेहमीचा वापर किती होता याचा अंदाज घेऊन न्याय्य आकारणी करता येते, हे प्रशासनाला मान्य आहे. यंत्र बिघडले तर सरासरी, आणि नळी बिघडली तर पूर्ण भुर्दंड, या भेदाला तर्काचा आधार कोणता? एकच दिसतो: बंद मीटरमुळे पालिकेचे नुकसान होते, म्हणून तिने स्वतःसाठी नियम करून ठेवला, गळक्या नळीमुळे नागरिकाचे नुकसान होते, म्हणून त्याची निकड कोणाला वाटली नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला वजावट हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात घरमालकाने इमारत चांगल्या स्थितीत ठेवावी असे बंधन आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून घेता येते आणि झालेला खर्च भाड्यातून कापून घेता येतो. मर्यादा एवढीच की एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होऊ नये. खासगी मालकाविरुद्ध जे तत्त्व राज्याने पाव शतकापूर्वी कायद्यात लिहिले, ते लोकांच्या मालकीच्या महापालिकेला लागू करताना हात आखडण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. गळतीची किंमत ज्याची नळी त्याने भरावी, असे महापालिका म्हणत असेल तर तिच्या स्वतःच्या नळ्यांचे काय? कोल्हापूरचे पाणी भोगावती आणि पंचगंगेतून उचलले जाते, शिंगणापूर आणि बालिंगा येथे वीज जाळून उपसले जाते, शुद्ध केले जाते आणि मग शहरभर पसरलेल्या नव्या-जुन्या नळ्यांतून धावू लागते. त्या वाटेवर किती पाणी रस्त्याखाली जिरते, याचा साक्षीदार प्रत्येक नागरिक आहे. चौकात आठवडाभर वाहणारा झरा, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून उसळणारे कारंजे, गळती काढण्यासाठी खणलेला आणि नंतर महिनाभर तसाच राहिलेला खड्डा हे दृश्य पेठेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली नागरी सेवांचे जे मानदंड ठरविले, त्यांत महसूल न मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत असावे असे आदर्श म्हणून सांगितले आहे. हा आदर्श आहे, प्रत्यक्ष नव्हे. देशातील बहुसंख्य शहरे त्याच्या पुष्कळ मागे आहेत. याचा अर्थ असा की सार्वजनिक नळीतून पाच घागरींपैकी एक घागर हरवली तरी कारभार उत्तम समजावा.

ही हरवलेली घागर कोण भरतो? ती उपसण्याची वीज, शुद्ध करण्याची तुरटी आणि क्लोरीन, कामगारांचे पगार हे सारे एकूण खर्चात धरूनच पाण्याचा दर ठरतो, किंवा तूट पडली तर ती घरफाळ्यातून आणि अन्य उत्पन्नातून भरून निघते. म्हणजे महापालिका आपल्या गळतीची वजावट दरवर्षी स्वतःच स्वतःला देते. तिला अर्ज करावा लागत नाही, प्लंबरची पावती जोडावी लागत नाही, आणि दुरुस्ती केल्याचा पुरावा तर मुळीच लागत नाही. शहरातले प्रत्येक कुटुंब आपल्या बिलातून सार्वजनिक गळतीचा वाटा मुकाट्याने उचलत असते. त्याच कुटुंबाची नळी एकदा फुटली तर मात्र सामाजिक जबाबदारीचे तत्त्व अचानक लुप्त होते आणि मालमत्तेच्या हद्दीची रेघ आठवते. नफा खासगी, तोटा सार्वजनिक ही भांडवलदारीची जुनी रीत आहे. येथे तिचे एक नवेच रूप दिसते. सार्वजनिक तोटाही नागरिकाचा आणि खासगी तोटाही नागरिकाचाच.

कोणी असे म्हणू नये की घरातली गळती ही सर्वस्वी घरमालकाच्या निष्काळजीपणाची फळे आहेत. चोवीस तास पाणी नसलेल्या शहरात घराची नळव्यवस्था कशी असते ते पाहा. पाणी ठराविक वेळी येते, म्हणून अंगणात जमिनीखालची टाकी बांधावी लागते. तिच्यातून पाणी वर चढवायला मोटार, वर दुसरी टाकी, तिथून खाली येणाऱ्या नळ्या, आणि दोन्ही टाक्यांत एकेक तरंगता बॉल कॉक. पाणीपुरवठा अखंड असता तर यातील निम्मी सामग्री लागली नसती. साठवणुकीचा भांडवली खर्च महापालिकेने नागरिकावर ढकलला आहे, आणि त्याबरोबरच गळतीच्या जागाही त्याच्या घरात वाढविल्या आहेत. रस्त्यावरच्या नळीची गळती पाणी सुटेल तेवढाच वेळ चालते. टाकीला तडा गेला किंवा टाकीपुढची नळी फुटली तर पाणी रात्रंदिवस जात राहते. शिवाय रोज भरणाऱ्या आणि रोज रिकाम्या होणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांना जो ताण बसतो तो सतत भरलेल्या नळीला बसत नाही. पाणी येण्यापूर्वी नळीतली हवा जोराने सुटते आणि ती मीटरचे काटेही फिरविते, ही तक्रार तर इतकी जुनी आहे की आता कोणी ती करीतही नाही.

आणि बिलाची वेळ? गळती झाल्याचे कळण्याचे बहुसंख्य घरांतले एकमेव साधन म्हणजे बिल. मीटर वाचणारा महिना-दोन महिन्यांनी, कोठे त्याहूनही उशिरा येतो, बिल त्याच्यानंतर. या अवधीत वाहिलेले पाणी नागरिकाच्या आळसाने वाहिले की वाचनाच्या विलंबाने? नेहमी २० युनिटांवर असणारा मीटर एकाएकी ६० वर गेला, हे वाचणाऱ्याला जागेवरच दिसते. त्याच क्षणी ‘तुमच्या घरी गळती असावी’ अशी एक चिठ्ठी दारात टाकणे अवघड नाही. पण खात्याच्या दृष्टीने ती चिठ्ठी म्हणजे उत्पन्नात घट.

महसुलाची हीच चिंता वजावटीविरुद्ध पुढे केली जाते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाणी उपसायला खरोखर वीज लागते. पंपाचे बिल कोणी माफ करीत नाही. पाणी फुकट मिळावे अशी घोषणा देऊन प्रश्न सुटत नाही, आणि डाव्या चळवळीने एके काळी मीटरलाच शत्रू मानले ही गोष्टही तपासून पाहण्यासारखी आहे. नळाच्या व्यासावरून सरसकट पट्टी लावली तर बागेला पाणी घालणारा आणि दोन बादल्यांत भागविणारा एकच रक्कम भरतो. नीट वाचलेला मीटर हा गरिबाचा मित्र आहे. म्हणून मागणी बिल रद्द करण्याची नाही. मागणी अशी आहे की नेहमीच्या सरासरीपेक्षा जास्त गेलेले पाणी वरच्या टप्प्याच्या दंडात्मक दराने न आकारता, ते उपसण्याच्या व शुद्ध करण्याच्या प्रत्यक्ष खर्चाने, आणि तो हिशेब मांडता येत नसेल तर सर्वांत खालच्या दराने आकारावे. वरच्या उदाहरणात या रीतीने महापालिकेला ९६० ऐवजी ६३० रुपये मिळतील. पाण्याची मूळ किंमत तिला पोचतेच; सुटतो तो दंड. आणि जेथे सांडपाण्याचा अधिभार पाण्याच्या मापावरच बसविला जातो, तेथे गळतीच्या पाण्यापुरता तो पूर्ण वगळावा. जे पाणी मातीत मुरले ते गटारात गेलेच नाही. त्याच्या शुद्धीकरणाचा आकार घेणे म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी मागणे आहे.

दुसरा आक्षेप असा की वजावट मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. हा आक्षेप घेणाऱ्यांनी नियमाची अट वाचलेली नसते. वजावट गळतीबद्दल नाही, गळती काढल्याबद्दल आहे. ज्याने नळी तशीच ठेवली त्याला काही मिळायचे नाही. उलट आजची व्यवस्थाच बेफिकिरीला उत्तेजन देते: बिल एकदा आवाक्याबाहेर गेले की माणूस ते भरणेच सोडतो, थकबाकीदारांच्या यादीत जातो, आणि कधीतरी निघणाऱ्या सवलत योजनेची वाट पाहतो. येथे महापालिकांच्या कारभारातील एक विपरीत गोष्ट सांगायलाच हवी. वर्षानुवर्षे पट्टी न भरणाऱ्यांसाठी दंड आणि व्याज माफ करणाऱ्या योजना वेळोवेळी जाहीर होतात. त्यांच्या जाहिराती वृत्तपत्रांत येतात, मुदती वाढविल्या जातात, वसुलीचे आकडे अभिमानाने सांगितले जातात. थकविणाऱ्याला सवलत देताना महसुलाची चिंता आड येत नाही. नियमित भरणाऱ्या आणि स्वतःच्या खर्चाने नळी दुरुस्त करणाऱ्या कुटुंबालाच ती ऐकविली जाते.

तिसरा आक्षेप खोट्या पावत्यांचा. प्लंबरकडून दोनशे रुपयांत पावती मिळेल आणि ज्याने खरोखरच बागेला पाणी घातले तोही गळतीचा अर्ज करील, अशी भीती घातली जाते. पण येथे पावतीहून चांगला साक्षीदार हजर आहे, आणि तो म्हणजे मीटरच. गळती खरोखर होती आणि ती खरोखर काढली असेल, तर पुढील दोन वाचनांत वापर पूर्वीच्या सरासरीवर खाली येतो. आला तर वजावट, नाही तर नाही. कोणाच्या शिफारशीची गरज नाही, स्थळपाहणीच्या नावाखाली हात ओले करण्याचीही नाही. ज्या यंत्राची नोंद नागरिकाविरुद्ध पुरावा म्हणून चालते, तीच त्याच्या बाजूने का चालू नये?

परदेशांत हा प्रश्न कसा सोडविला गेला, हे पाहिले तर आपल्याकडील उदासीनता अधिकच खटकते. इंग्लंडमध्ये १९८९ साली थॅचर सरकारने पाणीपुरवठा खासगी कंपन्यांच्या हवाली केला. त्या व्यवहारातून भागधारकांचे भले किती आणि नद्यांचे हाल किती झाले, हे आता तेथील लोकांनाही कळून चुकले आहे. परंतु तेथे त्या नफेखोर कंपन्यांनासुद्धा घरगुती ग्राहकांसाठी गळतीच्या वजावटीचा नियम जाहीर करून ठेवावा लागला: ग्राहकाने आपल्या हद्दीतील जमिनीखालची नळी ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केली, तर निदान एकदा तरी, नेहमीच्या वापराच्या आधारे बिल पुन्हा काढून दिले जाते. आणि १९९९ च्या कायद्याने तर घरगुती नळ थकबाकीसाठी तोडण्यासच बंदी घातली. अमेरिकेतील अनेक नगरपालिकांतही दुरुस्तीची पावती आणि मागील सरासरी यांवर बिल कमी करण्याची रीत आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे ग्राहकाला मिळते, ते लोककल्याणाची शपथ घेणाऱ्या आपल्या नगरसंस्थांकडून नागरिकाला मिळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

यावरून खासगीकरणाचे समर्थन कोणी काढू पाहील तर ते मात्र साफ नाकारले पाहिजे. बेळगाव आणि हुबळी-धारवाड येथे चोवीस तास पाण्याचे प्रयोग परदेशी कंपनीच्या हाती देण्यात आले. नागपूरचा तर साऱ्या शहराचा पुरवठा २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी चालकाकडे गेला. अशा करारांत वसुली हे चालकाच्या उत्पन्नाचे साधन असते. तेथे ग्राहकाचा प्रत्येक अर्ज नफ्याच्या पारड्यात तोलला जातो. सार्वजनिक सेवा टिकवायची असेल तर ती लोकांना आपली वाटली पाहिजे. फुगलेले बिल आणि बंद खिडकी यांनी चिडलेला माणूसच उद्या खासगीकरणाच्या बाजूने हात वर करतो, याचे भान महापालिकेच्या कामगार संघटनांनीही ठेवावे.

कोल्हापूरने या बाबतीत पुढाकार घ्यावा असे म्हणण्यास कारण आहे. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेणाऱ्या आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या शाहू महाराजांचे हे शहर. येथल्या नागरिकांनी रस्त्यांच्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला; एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते त्या लढ्यात उभे राहिले, आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द करून घेतला गेला, तेव्हा पानसरे आपल्यात नव्हते; त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. याच लोकांनी काळम्मावाडी धरणातून थेट नळवाहिनीने पाणी आणण्याची मागणी कित्येक वर्षे लावून धरली. पन्नास किलोमीटरांहून लांब असलेल्या त्या वाहिनीचे पाणी अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोचले. पण धरणापासून पुईखडीपर्यंतची वाहिनी नवी झाली म्हणून पेठांतल्या नळ्या नव्या होत नाहीत. शेकडो कोटी खर्चून आणलेले पाणी गंजक्या सांध्यांतून मातीत जाणार असेल, तर ते थांबविण्यासाठी प्रत्येक घर महापालिकेचे भागीदार व्हायला हवे. गळती ही नुसती पाण्याची हानी नाही. नळी रिकामी झाली की त्याच छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. दूषित पाण्याने काय होते ते शेजारच्या इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत भोगले आहे. भिंतीतली नळी बदलणारे कुटुंब सबंध गल्लीच्या आरोग्याचे काम करीत असते.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात असा नियम कोणी मागावा आणि कोणाकडे मागावा हाच प्रश्न होता. ती सबब आता उरलेली नाही. गळतीच्या वजावटीचा काही नियम दप्तरात पडलेला असेल तर तो मराठीत छापून प्रत्येक बिलाच्या पाठीवर द्यावा; ज्या नियमाचा अर्जदाराला पत्ता नाही तो असून नसल्यासारखा. नसेल तर सभागृहाने तो करावा. अर्ज एका पानाचा असावा. निकाल ठरलेल्या दिवसांत लागावा, आणि तो लागेपर्यंत वादातल्या रकमेवर दंड चढू नये व नळ तोडला जाऊ नये. नेहमीच्या सरासरीएवढी रक्कम नागरिकाने भरत राहावी, म्हणजे महापालिकेचीही अडचण होणार नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नळजोडणी, मालकी हक्कातील बदल, थकबाकी नसल्याचा दाखला, नादुरुस्त मीटरची तक्रार अशा सेवांना मुदती घालून दिल्या आहेत. त्याच मालिकेत गळतीची वजावट बसविली म्हणजे नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला कारण लिहून द्यावे लागेल आणि त्यावर अपील करता येईल.

अर्ज करण्याचा अधिकार मात्र केवळ ज्याच्या नावावर नळजोड आहे त्यालाच ठेवून चालणार नाही. तसे झाले तर जुन्या वाड्यांतील भाडेकरू, ज्यांनी वर्गणी काढून नळी बदलली आणि वर्गणी काढूनच बिल भरले, ते पुन्हा मालकाच्या सहीसाठी हेलपाटे घालतील. आणि जागा रिकामी करून हवी असलेला मालक ती सही का करील? दुरुस्तीची पावती ज्याच्या हाती आणि राहण्याचा पुरावा ज्याच्यापाशी, त्याचा अर्ज घेतला पाहिजे. तसेच गेल्या दोन वर्षांत ज्यांनी गळती काढली आणि तरीही फुगलेले बिल पूर्ण भरले, त्यांची नोंद महापालिकेच्याच मीटरवहीत आहे: एकाएकी चढलेला आकडा आणि पुढच्या वाचनात खाली आलेला आकडा. त्यांना अर्जाची वाट न पाहता वजावट पुढील बिलात जमा करून द्यावी.